धूर उठायची वेळ

सुरतेत जेवावं आणि काशीत मरावं, अशी गुजरातीत म्हण आहे. या दोन्हींच्या मधल्या काळात श्वास कुठं घ्यावा, याबद्दल म्हण गप्प आहे. मी आठवडाभर सुरतेत राहून धुळ्याला परत आले. जेवले, मेले नाही. उरलेल्या तिसऱ्या गोष्टीबद्दल हे लिहिते आहे, कारण आपल्याकडून सुरतेला जाणारे रोज जातात, पण तिथल्या हवेबद्दल घरी कुणी लिहून कळवत नाही.

मी गेले ती एका प्रदर्शनासाठी. भेस्तानच्या बाजूला खानदेशातल्या कामगारांच्या मुलांची एक मराठी शाळा आहे. तिथं वातावरणाच्या थरांवर प्रदर्शन भरणार होतं. विज्ञान शिकवणाऱ्या वैशालीताई मूळच्या अमळनेरच्या. त्यांच्या हाती माझी दोनचार पत्रकं पडली होती. ‘तुमची भाषा आमच्या पालकांना कळेल, पाट्यांचा मजकूर तुम्ही लिहा,’ असं त्यांनी कळवलं. आमच्या घरात पाठ्यपुस्तकाआधी चळवळीची पत्रकं यायची. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. तेव्हा आकाशाबद्दलही आपल्याला पत्रक लिहिता येईल, याबद्दल मला शंका नव्हती. असायला हवी होती.

उधना

जानेवारी होता. बारडोलीला गाडी थांबली आणि डब्यात साखर कारखान्याचा वास शिरला, मळीचा, गोड आणि जड. समोरच्या बाकावर नवापूरला लग्न उरकून परतणारे एक काका डोळे मिटून बसले होते. मी वासाचं कौतुक केलं, तर म्हणाले, ‘‘घ्या, पोटभर घ्या. पुढं गोड नाही.’’ तासाभरानं डोळे न उघडताच ते म्हणाले, ‘‘चला, आली सुरत.’’

‘‘न बघता कसं कळलं?’’

‘‘नाक शे ना, ताई.’’

रंगाचा, कोळशाचा आणि उकळत्या खळीचा वास एकमेकांत मिसळून आला होता. उधन्याला उतरले. फलाट झाडलेला, रस्ता धुतलेला, कोपऱ्याकोपऱ्यावर स्वच्छतेचे सुविचार. सुरतेला आपल्या झाडूचा फार अभिमान आहे आणि तो खराही आहे. धुळ्याच्या बसस्थानकावरून येणाऱ्या माणसानं तिथल्या रस्त्याला नाव ठेवू नये. पण झाडू जमिनीवर चालतो. जमिनीच्या वीतभर वर काय आहे, हे कोणत्याच झाडूवाल्याच्या हद्दीत येत नाही, आणि म्हणून ते कुणाच्याच हद्दीत नाही.

कमलमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. चाळीस वर्षांत तिनं शेजाऱ्यांशी हिंदी, व्यापाऱ्यांशी गुजराती आणि घरात अहिराणी असा संसार बसवला आहे. दारातच म्हणाली, ‘‘उनी का वो माय! पहिले नाक पुस, मंग पाया पड.’’ मी रुमालानं नाक पुसलं. रुमाल काळा झाला. ‘‘झायं तुनं स्वागत,’’ म्हणत तिनं पोंक पुढं केला. पोंक म्हणजे आपला हुरडाच, कोवळी भाजलेली ज्वारी. पण आपण तो शेतात बसून, हात पोळत, चटणीशी खातो. सुरतकर तो विकत आणून लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर बशीत खातात. चव उत्तम. मात्र कणसासमोर बसायची सक्ती नसल्यामुळे शेताशी संबंध उरत नाही. या शहरानं बऱ्याच गोष्टी अशा सोलून, स्वच्छ करून, संबंध तोडून घेतल्या आहेत.

गच्ची

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी माझा पांढरा कुडता धुतला आणि गच्चीवर वाळत टाकला. उद्घाटनाला घालायचा होता. दात घासून परत येते तर त्यावर मोहरीएवढे काळे ठिपके. झटकायला गेले तशी प्रत्येक ठिपक्याची एक रेघ झाली. मागून हसू ऐकू आलं. मावशी आणि शेजारच्या तिघी जिन्याच्या तोंडाशी बसल्या होत्या, मांडीवर झाकलेली गाठोडी घेऊन.

‘‘धूर उठाना पहिले कोनी कपडा काढस का?’’ मावशीनं विचारलं.

या बायांचं काम साड्यांवर खडे चिकटवायचं. मार्केटचा माणूस साड्या आणून टाकतो, आठवड्यानं नेतो. गोंद वाळायला ऊन लागतं, म्हणून काम गच्चीवर. फिक्या रंगाची साडी असेल तर एक ठिपका पुरे, साडी परत आणि मजुरी बुडाली. म्हणून यांनी एक रीत काढली आहे. पहाटे कठड्यावर स्टीलची ताटली ठेवायची, तिला खोबरेल तेलाचं बोट फिरवलेलं. थोड्या वेळानं बघायची. काळे कण बसले असतील तर पुसून पुन्हा तेल. असं करत करत एकदा ताटली स्वच्छ राहते. मग पुन्हा एकदा खात्री, आणि मगच गाठोडी सुटतात.

मी बसून पाहिलं. सूर्य वर आला तरी समोरच्या डाइंग मिलच्या बुटक्या चिमणीचा धूर वर जाईना. चिमणीच्या तोंडातून निघून आमच्याच उंचीवर आडवा पसरत होता, छताला टेकल्यासारखा. तिकडं खरोखरचं छत नव्हतं, फक्त आकाश होतं. चौथ्या वेळी मावशीनं ताटली माझ्यापुढं धरली. ‘‘दख. आते एक बी बठना नई.’’ मी वर पाहिलं. धूर सरळ उभा राहिला होता. बायांनी एका दमात साड्या उलगडल्या.

‘‘आणि एखाद्या दिवशी अंदाज चुकला तर?’’

मावशीचा चेहरा उतरला. ‘‘तर मनूभाई म्हनस, तुमना हात घान शेतस.’’

मनूभाई म्हणजे साड्या नेणारा माणूस. ठिपका दिसला की त्याचं वाक्य ठरलेलं: ‘रोटी का हाथ साडी को लगाते हो, बेन.’ गेल्या वर्षी त्यानं मार्केटमध्ये सांगितलं की या गल्लीतल्या बायांचे हात घाणेरडे आहेत, फिका माल यांना शक्यतो देऊ नका. हा आरोप आमच्या घरांना नवा नाही. आजोबांच्या काळात तो पाणवठ्यावर ऐकू यायचा. आता तो नायलॉनच्या गाठोड्यातून येतो. मावशी पंचावन्न वर्षांची आहे. दिवसातून दहा वेळा हात धुते. तिच्या बोटांची कातडी साबणानं सोलली आहे.

वैशालीताईंनी या ताटलीबद्दल ऐकलं तेव्हा त्यांनी बायांना एक वही दिली होती. थंडी सुरू झाल्यापासून रोजची धूर उठायची वेळ त्यात लिहिलेली होती, गल्लीतल्या आठ जणींच्या आठ अक्षरांत. प्रदर्शनात थरांच्या पाच पाट्या होत्याच. या वहीची सहावी पाटी लागणार होती. बायांना तेवढंच हवं होतं. डाग हवेचा आहे, हाताचा नाही, हे शाळेच्या भिंतीवर, छापील अक्षरांत.

पाच मजले

शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शनाचा फलक आधीच लागला होता: ‘आपले आकाश, आपले कवच.’ खाली पृथ्वी, वर तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, आयनांबर, बाह्यांबर अशा रंगीत पट्ट्या, आणि सगळ्यांत वर, जिथं हवा जवळजवळ संपते तिथं, देणगीदार शेठचा हसरा फोटो. श्वास न घेता हसायचं तर तीच जागा योग्य. मावशीच्या गच्चीसमोरची डाइंग मिल याच शेठची, शाळेपासूनही हाकेच्या अंतरावर.

संस्थेचे अध्यक्ष आत्मारामनाना. शिंदखेड्याकडून लूमवर कामाला आले, आता त्याच शेठच्या मिलला माणसं पुरवतात. त्यांनी मला पाट्या समजावून सांगितल्या, जणू त्यांनीच आकाश बांधून घेतलं आहे. ‘‘बघा ताई, देवानं पाच कवचं दिली. उल्का आली, वरच जळते. सूर्याचे वाईट किरण आले, ओझोन अडवतो. काय सोय आहे!’’

सोय आहेच. मी ती नाकारत नाही. उल्का मध्यांबरात जळून राख होतात म्हणून आपली घरं चाळणीसारखी नाहीत. ओझोन नसता तर शेतात उभं पीक आणि पिकात उभी बाई दोघंही करपली असती. हवेची गोधडी नसती तर दिवसा भट्टी आणि पहाटे बर्फ. सगळ्यांत खालचं तपांबर तर आपलं घरच: हवेचा बराचसा साठा त्यातच, ढग त्यात, पाऊस त्यात, झाडाचा आणि माणसाचा श्वास त्यात. पण पाचही पाट्यांवर धोका वरून येत होता. सूर्याकडून, अवकाशातून, फार लांबून. शेजारून येणाऱ्या धोक्याला कोणत्याच अंबरात जागा नव्हती.

सहाव्या पाटीचं नाव काढताच नाना कसनुसे झाले. ‘‘ताई, शेठनं पंखे दिले, प्रोजेक्टर दिला. त्यांच्याच तोंडावर धूर सोडायचा का?’’

‘‘ते आमच्या तोंडावर रोज सोडतात की,’’ मी म्हणाले.

वैशालीताईंनी माझा हात दाबला. शांतपणे म्हणाल्या, ‘‘नाना, पाटीत मिलचं नाव नसेल. फक्त वेळा आणि कारण. चूक असेल तर काढून टाका.’’

‘‘चूक असेल तर काढीन हां,’’ नाना म्हणाले. ‘‘आणि दारामागं लावायची.’’

डुमस

रविवारी वैशालीताईंनी मावशीला आणि मला डुमसला नेलं. लोक डुमसला टोमॅटोची भजी खायला जातात. समुद्र सोबत मिळतो. वाळू काळी, पाणी मातकट, आणि पलीकडं धूसर क्षितिजावर हजीऱ्याच्या उंच चिमण्या. भज्याच्या गाडीवरचा माणूस अभिमानानं म्हणाला, ‘‘देखा बेन? कितनी ऊंची!’’ आमच्याकडं लोक देवळाचा कळस असा दाखवतात.

भजी खाताना वैशालीताईंनी बोटानं वाळूत आकृती काढून दाखवली. एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते, म्हणून खालची उबदार हवा धूर घेऊन वर चढते. हिवाळ्यात मात्र रात्रभरात जमीन निवते, तिला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, आणि गार हवा वर चढत नाही. भांड्यावर झाकण बसावं तसं होतं. बुटक्या चिमण्यांचा धूर झाकणाखाली राहतो. फार उंच चिमण्या झाकणाच्या वर तोंड काढतात.

‘‘म्हणजे त्यांचा धूर दुसऱ्या गावाला,’’ मी म्हणाले.

‘‘हो. आणि आपला आपल्याला.’’

मावशीनं भजं मोडत विचारलं, ‘‘झाकन तापावर उघडस. मंग सकायले मिल बंद ठेवाले काय व्हस?’’ सकाळी मिल बंद ठेवायला काय होतं! एवढा सोपा प्रश्न माझ्या कोणत्याही पत्रकात आजवर आलेला नाही.

मला राग आला होता, आणि रागात माझी लेखणी चांगली चालते असा माझा समज होता. दुसऱ्या दिवशी वैशालीताईंना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जावं लागलं. सहाव्या पाटीचा मजकूर मी लिहिला आणि त्यांना न दाखवता छापायला दिला. वेळा होत्या, ताटली होती. पण मला ते फार साधं वाटलं. पंचावन्न वर्षांच्या बाईच्या अपमानाला झाकणाखालचं शंभर मीटरचं आकाश पुरेना. म्हणून मी शेवटी जोडलं: ‘हाच धूर स्थितांबरापर्यंत चढून ओझोनच्या कवचाला भोक पाडतो आहे!’

हॉल, उद्घाटनाच्या आधी

उद्घाटनाच्या सकाळी शेठच्या मिलमधले एक इंजिनिअर साहेब पाहणीला आले. मराठी वाचता येत होतं, कारण आई नाशिकची. पाचही पाट्यांपुढं त्यांनी मान डोलावली. सहावीपुढं थांबले. वाचलं आणि मोठ्यानं हसले.

‘‘ओझोनला भोक? चिमणीच्या धुरानं? कुणी लिहिलं हे? ओझोनचं नुकसान झालं ते फ्रीजच्या आणि फवाऱ्याच्या गॅसनं. कोळशाचा धूर तिथवर पोचतच नाही.’’

नानांना याहून काय हवं होतं. ‘‘चूक आहे ना, साहेब?’’

‘‘साफ चूक.’’

‘‘काढा रे ती.’’

शिपायानं दोन खिळे उपटले आणि पाटी भिंतीला पाठ करून उभी केली. त्याच वेळी मावशी आणि इतर सात जणी ठेवणीतल्या साड्या नेसून आत आल्या. मावशीनं पाचही पाट्या बघितल्या, दाराच्या मागं बघितलं.

‘‘आमनी पाटी कोठे शे?’’

सकाळीच प्रशिक्षणाहून परतलेल्या वैशालीताईंनी ती वळवून वाचली. मी त्यांच्या रागावण्याची वाट बघत होते, पण त्या ज्या आवाजात बोलल्या तो मला रागापेक्षा लागला.

‘‘या बायांनी तीन महिने एकच गोष्ट लिहिली, की धूर वर जात नाही. आणि तू लिहिलंस की तो वर जातो. यांच्या वहीवर विश्वास नव्हता तर सुरतेला आलीस कशाला?’’

मी सगळ्या सुरतेला नावं ठेवत आले होते, नानांना, शेठला, भजीवाल्यालाही. आणि नानांना हवं असलेलं हत्यार मीच माझ्या खर्चानं छापून त्यांच्या हातात दिलं होतं. बायांचं दुःख नाकाच्या उंचीवर होतं; मला ते भाषणाच्या उंचीवर हवं होतं. पत्रकवाल्यांची ही जुनी खोड आहे. खरं सांगून भागत असताना आम्ही मोठं सांगतो.

कार्डबोर्डचा एक कोरा तुकडा घेऊन मी तिथंच जमिनीवर बसले. वैशालीताई उभ्या राहून बघत होत्या. विशेषण दिसलं की पायानं खूण करायच्या. झालं ते एवढंच:

‘हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. थंड हवा वर चढत नाही. म्हणून धूर आपल्या गच्चीच्या उंचीवर थांबतो. ऊन तापलं की हवा वर जाते आणि धूर उठतो. त्याआधी बाहेर ठेवलेल्या तेलाच्या ताटलीवर काळे कण बसतात. त्या ताटलीला कुणाचाही हात लागलेला नसतो.’

खाली रोजच्या वेळा. त्याखाली आठ नावं.

वैशालीताईंनी ते इंजिनिअर साहेबांपुढं धरलं. ‘‘आता सांगा. यात चूक काय?’’

साहेबांनी दोनदा वाचलं. इतक्या लोकांसमोर ते नुकतेच जाणकार ठरले होते. आता खोटं बोलणं त्यांना अवघड होतं. ‘‘बरोबर आहे,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘हिवाळ्यात असंच होतं.’’

‘‘ऐकलं ना, नाना? चूक असेल तरच काढणार होतात.’’

नानांनी घड्याळ पाहिलं. ‘‘बरोबर असेल हो. पण आज नको. पुढल्या वर्षी बघू.’’

बरोबर असूनही आज नको. आमच्या समाजाच्या पुढाऱ्यांनी हे वाक्य कोणत्याही देवळापेक्षा जास्त निष्ठेनं जपलं आहे. शेठची गाडी फाटकाशी आली तसे नाना हार घेऊन धावले. आकाशाच्या पाच मजल्यांचं उद्घाटन झालं. आम्ही त्याला थांबलो नाही. मावशीनं कार्डबोर्ड काखेत मारला आणि म्हणाली, ‘‘चाला. ज्याले वाचाडानं शे, तो आठे येवाव नई.’’ ज्याला वाचायला लावायचं, तो इथं येणारच नाही. खरंच होतं. मनूभाई शाळेत कशाला येईल?

गल्ली

मनूभाईला मराठी वाचता येत नाही. म्हणून त्या दुपारी वैशालीताईंनी त्याच मजकुराखाली गुजराती लिहिलं. आठ जणींची नावंही त्यांनी गुजरातीत काढली. आपलं नाव त्या लिपीत कसं दिसतं ते बघायला प्रत्येकीनं पाटी एकदा मांडीवर घेतली. मग ती जिन्याच्या तोंडाशी टांगली, मनूभाईला गाठोडं घ्यायला जिथं वाकावं लागतं, बरोबर तिथं.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी मनूभाई आला. पन्नाशीचा, पान खाणारा माणूस. मी डोक्यात रंगवला होता तेवढा राक्षस तो नव्हता, आणि याचाही मला राग आला. साड्या उलगडून बघू लागला. फिक्या गुलाबीवर त्याचं बोट थांबलं. ठिपका. त्यानं तोंड उघडलं, ‘‘बेन, हाथ...’’

मावशीनं हनुवटीनं पाटी दाखवली.

मनूभाई वाचू लागला. ओठ हलवत, पान एका गालात धरून. शेवटच्या ओळीला आला, पुन्हा वरून सुरू केलं. मग त्यानं कठड्यावरून समोर पाहिलं. पंचवीस वर्षं तो त्या चिमणीखालून टेम्पो नेत होता.

‘‘यह तुम लोगों ने लिखा?’’

‘‘हां,’’ मावशी म्हणाली. ‘‘रोज.’’

उरलेल्या साड्या बघून झाल्यावर त्यानं ठिपक्यांच्या साड्या बाजूला काढल्या आणि खाली टेम्पोतल्या माणसाला ओरडून सांगितलं, ‘‘ए, ये अलग रख! हवावाली हैं।’’

साड्या परत गेल्याच. मी हे मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर मीच उद्या कुठल्या तरी सभेत हा विजय म्हणून सांगेन. हवेनं केलेलं नुकसान बायांच्याच माथी राहिलं. शेठचा फोटो हवेच्या वर हसतो आहे आणि मिल पहाटे चालूच आहे. पण त्या दिवशी टेम्पो वळून गेल्यावर मावशीनं दोन्ही हात पुढं धरले आणि उलटसुलट करून पाहिले, बांगड्या भरून आल्यावर बायका पाहतात तसे. शेजारणी हसायला लागल्या. ‘‘कमलबाई, हात निर्दोष सुटले तुमचे!’’

तीही हसली. मग धूर उठलेल्या आकाशाकडं बघत पदर खोचून म्हणाली, ‘‘मना हातले बोलत व्हता, हात ऐकी लेत व्हता. आते हवाले कोन बोली?’’

हाताला बोलायचा, हात ऐकून घ्यायचे. आता हवेला कोण बोलणार? तिनं ते मला विचारलं होतं की सगळ्यांना, कोण जाणे. मी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच, काही न बोलता मिटलं. मावशीनं नवं गाठोडं ओढलं आणि त्याची गाठ सोडून त्यातली एक फिकी गुलाबी साडी उन्हात पसरली.